बूट नियमात बसवताना

माझ्या वडिलांच्या पायात काय घालायचं, हा प्रश्न ते वारले त्या सकाळी आठ वाजता सुटलेला होता. सव्वाआठ वाजता अंत्यविधीवाले मिझोगुची आले आणि तो पुन्हा उभा राहिला.

मिझोगुची फार हळू बोलतात आणि फार खोल वाकतात. इतके वाकतात की पाहणाऱ्याला वाटावं, यांच्याच घरचं कुणी गेलं असणार. आमच्या आठ चटया मावतील एवढ्या खोलीत वडिलांना उत्तरेकडे डोकं करून निजवलं होतं. त्यांच्या उशाशी बसून मिझोगुचींनी यादी वाचायला घेतली. पांढरा अंगरखा. कपाळाला त्रिकोणी पट्टी. जपमाळ. परलोकाच्या वाटेतली नदी ओलांडायला सहा नाणी, तीही कागदावर छापलेली, कारण खरी नाणी जळत नाहीत. पांढरे मोजे. गवताच्या चपला.

"चपला नकोत," मी म्हणालो. "त्यांचे स्वतःचे बूट आहेत."

मी बूट आणून चटईवर ठेवले. मिझोगुचींनी आधी बुटांना नमस्कार केला, मग वाकून पाहिलं, मग आणखी वाकून पाहिलं. "सुंदर," ते म्हणाले. "फार सुंदर. पण जळत नाहीत हो."

आता हे ऐकून घेणारा माणूस मी नव्हे. आमच्या वॉर्ड ऑफिसच्या सफाई खात्यात मी एकतीस वर्षं काढली आहेत. काय जाळायचं आणि काय नाही याचं जे पत्रक घरोघरी फ्रिजवर चिकटवलेलं असतं, ते मी लिहिलं आहे. छत्रीचं काय करायचं हे विचारायला लोक मला रस्त्यात थांबवतात. पान चार, ओळ सात: बूट, जळाऊ.

पण पत्रकाआधी बुटांबद्दल सांगायला हवं.

माझे वडील, निशिवाकी इवाओ, कोबेच्या नागाता भागात त्रेचाळीस वर्षं बुटांना तळ चिकटवत होते. निवृत्त झाल्यावर लोक बोन्साय करतात, त्यांनी बूट रंगवायला घेतले. ओसाकाहून, फुकुओकाहून लोक कोरे पांढरे स्नीकर पाठवायचे. वडील ॲसिटोनचा बोळा फिरवून कारखान्याची चकाकी उतरवायचे आणि तीन केसांच्या ब्रशने त्यावर चित्रं काढायचे. कुणाला ऑक्टोपस हवा असे, कुणाला गेलेला कुत्रा. आणि एवढं करून ती माणसं ते बूट पायात घालत नसत, काचेच्या कपाटात ठेवत. बूट घालायचे नसतात हे माझ्या वडिलांना सत्तराव्या वर्षी कळलं, आणि त्याचा राग त्यांनी पुढची अकरा वर्षं रंगवून काढला.

स्वतःसाठी मात्र त्यांनी एकच जोडी रंगवली. घालायची म्हणून. डाव्या बुटावर त्यांच्या जुन्या गल्लीची पूर्वेकडची बाजू, उजव्यावर पश्चिमेकडची. बुटांचे छोटे छोटे कारखाने, हिरवी शटर, दुचाक्या, वाळत घातलेले हातमोजे. पाय जुळवून उभं राहिलं की मधून गल्ली जाते. खरी गल्ली आता नाही. भूकंपानंतरच्या आगीत ती दोन दिवस जळत होती. रबर, गोंद, चामडं, सगळं. तेव्हा काय जळतं याची यादी कुणी कुणाला विचारली नव्हती.

"मला गवताच्या चपला घालून पाठवू नका," हॉस्पिटलात ते म्हणाले होते. "आयुष्यभर बूट केले. जाताना दुसऱ्या धंद्याचा माल पायात?"

"नाही पाठवणार, बाबा. मी बघतो."

"तू बघणार?"

"हो."

"मग काळजी वाटते," ते म्हणाले आणि प्राणवायूची नळी नीट करून घेतली.

यामागे थोडं कारण होतं. चार वर्षांपूर्वी एका मंगळवारी मी त्यांची एक रंगवलेली जोडी कचऱ्यात टाकली होती. दारात पिशवीत ठेवलेले, करडे डाग पडलेले बूट म्हणजे टाकाऊ, असं कुणालाही वाटेल. ते डाग म्हणजे बंदरावरचं धुकं होतं. ते धुकं रंगवायला त्यांना पाच महिने लागले होते. पिशवी बरोबर होती, वार बरोबर होता, गाडीची वेळ बरोबर होती. नियमाप्रमाणे पाहिलं तर माझं काहीही चुकलं नव्हतं.  वडिलांनी फक्त जेवताना मुळ्याच्या लोणच्याची बशी माझ्याकडे सरकवायचं बंद केलं.

तेव्हा ही जोडी त्यांच्या पायातच जायला हवी होती. त्याला पर्याय नव्हता.

मी दहनगृहाच्या ऑफिसात फोन लावला. अधिकाऱ्याने अधिकाऱ्याशी बोलावं तसा आवाज लावला.

"सफाई खात्यातून निशिवाकी बोलतोय. बूट जळाऊ आहेत. पत्रकाचं पान चार पाहा."

"तुमच्या पत्रकात असतील, साहेब," पलीकडचा माणूस म्हणाला. "आमच्या पत्रकात माणूस जळाऊ आहे. बूट नाहीत."

"अहो, भट्टी ती भट्टीच ना?"

"तुमच्या भट्टीतून काय बाहेर येतं?"

"राख."

"आमच्या भट्टीतून तुमचे वडील बाहेर येणार आहेत."

मी पेन उघडलं. मग विचारलं, "बरं, नेमकं काय चालत नाही?"

"रबर. धातू. सध्या एवढं लिहून घ्या. अपवाद हवा असेल तर अर्ज करता येतो. त्यावर वस्तूच्या मालकाची सही लागते."

"मालकालाच तर जाळायचंय."

"मग अडचण आहे," तो म्हणाला. आवाजात जराही खोच नव्हती. तो आवाज मी ओळखला. एकतीस वर्षं छत्र्यांच्या बाबतीत मी तोच वापरत आलो आहे.

भट्टीची वेळ शुक्रवारी अकराची मिळाली. आज मंगळवार. गुरुवारी पंचांगाप्रमाणे भट्टी बंद. त्या दिवशी जाळलेला माणूस एखाद्या मित्राला सोबत ओढून नेतो, असं मानतात. वडिलांचे मित्र बहुतेक आधीच गेले होते आणि राहिलेल्यांपैकी दोघांना कुणी ओढून नेलं असतं तर त्यांची तक्रार नव्हती. पण नियम तो नियम.

दुपारपर्यंत माझ्याकडे अकरा सल्ले जमा झाले. कोपऱ्यावरच्या तोफूवालीने सांगितलं की बूट मोज्यांच्या आत घाला, कोण बघतंय. एकाने सांगितलं की मागच्या अंगणात पिंपात वेगळे जाळा आणि राख पेटीत टाका. उघड्यावर जाळायला परवाना लागतो आणि तो मागायला आलेल्या प्रत्येकाला मीच परत पाठवत आलो आहे. आमच्या वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष हिरुमा मास्तर उदबत्तीचं खोकं घेऊन आले. ते शाळेत चित्रकला शिकवत. वडिलांच्या कामाला ते 'पायातली कला' म्हणत, आणि हे कौतुक होतं की काय होतं ते वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही.

"फोटो काढा आणि फोटो पेटीत ठेवा," मास्तर म्हणाले. "कागद जळतो."

"मीही तेच म्हणतेय," माझी बायको चिझुको चहा ठेवत म्हणाली.

"मी शब्द दिलाय."

"शब्द देताना नियम वाचला होता का?"

लग्नाला बत्तीस वर्षं झाली की बायको आपल्याच ऑफिसच्या भाषेत बोलू लागते.

बुधवारी सकाळी कांगकाकू आली. वय अठ्ठ्याहत्तर, उंची शिवणयंत्राएवढी. बुटाचा वरचा भाग शिवण्यात हिचा हात नागातात कुणी धरला नसता. ती वरचा भाग शिवायची आणि वडील त्याला तळ चिकटवायचे, आणि बूट म्हणजे मुळात वरचा भाग की तळ, यावर दोघांचं चाळीस वर्षं भांडण चालू होतं. ती वडिलांच्या उशाशी बसली. उदबत्ती लावली. छातीवर ठेवलेल्या कोरड्या बर्फाकडे पाहिलं.

"इवाओ," ती म्हणाली, "कधी नव्हे ते दाढी नीट केलीस रे."

मग माझ्याकडे वळून: "बूट कोण घालणार त्याला? तू? अरे तादाशी, तुझ्या हातात बूट दिला की तो मंगळवारच्या गाडीत जातो."

मी रबर आणि धातू सांगितलं. तिने पिशवीतून पातळ सुरी काढली, चिझुकोकडून केस वाळवायचं यंत्र मागून घेतलं, तळाच्या कडेला गरम हवा दिली आणि सुरी आत घातली. वीस मिनिटांत दोन्ही तळ सुटले. सुटताना असा आवाज झाला की मी वडिलांकडे पाहिलं.

"चिकटवलंय मात्र चांगलं," ती नाखुशीने म्हणाली. कुणी मेल्याशिवाय इतकं चांगलं ती कुणाबद्दल बोलत नसे.

नाडीच्या भोकांतल्या धातूच्या कड्या काढायचं काम मला मिळालं. एकूण बत्तीस. मी मोजून बशीत ठेवत होतो. एकतीस भरल्या. मग मी, सफाई खात्याचा वरिष्ठ अधिकारी, वडिलांच्या अंथरुणाभोवती अर्धा तास गुडघ्यांवर फिरलो. त्या अर्ध्या तासात सांत्वनाला आलेल्या चौघांना वाटलं की दुःखाने माझा तोल गेला आहे. एक बाई तर माझ्या शेजारी गुडघे टेकून रडू लागली. बत्तिसावी कडी माझ्या मोज्यात निघाली.

तळाच्या जागी काय लावायचं? मी दुधाच्या खोक्याचा पुठ्ठा सुचवला आणि मीच मागे घेतला. त्याला आतून प्लॅस्टिकचा थर असतो, पान दोन. कांगकाकूने खोलीत नजर फिरवली आणि मिझोगुचींच्या संचातल्या गवताच्या चपला उचलल्या.

"काकू, त्या नकोत म्हणाले होते ते."

"पायात नकोत म्हणाला. तळाखाली नकोत असं म्हणाला का?"

असं म्हणाले नव्हते. दुपारी दोनपर्यंत तिने गवताचा तळ टाके घालून बसवला. बूट पुन्हा बुटासारखा उभा राहिला, थोडा शेतकऱ्याच्या वळणाचा. मला इतका आनंद झाला की मी आपण होऊन दहनगृहाला फोन केला. हा माझा स्वभाव आहे. नियम पाळला की तो कुणाला तरी कळवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

"रबर नाही, धातू नाही," मी म्हणालो.

"उत्तम. वरचा भाग कशाचा?"

"चामड्याचा."

"चामडं चालत नाही. आणि रंग?"

"ॲक्रिलिक."

"म्हणजे प्लॅस्टिकच."

"पण काल तुम्ही फक्त दोनच गोष्टी सांगितल्यात!"

"काल तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्यासमोर यादीचं पहिलं पान होतं."

मी फोन ठेवला. वर्तमानपत्रावर सगळं मांडलेलं होतं: दोन रबरी तळ, बत्तीस कड्या, पॉलिस्टरच्या दोन नाड्या, आणि गवतावर शिवलेली, सगळीकडून भोकं पडलेली रंगीत कातडी. बुटातून नियमात न बसणारं सगळं काढलं असतं तर कांगकाकूचा दोरा तेवढा उरला असता. वडिलांची दुसरी जोडीही माझ्याच हातून गेली होती. या वेळी वर्गीकरण करून.

मी न्हाणीघरात जाऊन रिकाम्या टबाच्या काठावर बसलो. किती वेळ बसलो ते सांगत नाही. ते कुठल्याही पत्रकात येत नाही. थोड्या वेळाने दारात कांगकाकू दिसली.

"रडून झालं का?"

"मी रडत नव्हतो."

"मग उशीर का करतोस? सुती कापड आणायला ये माझ्याबरोबर. जुनं चामडं उसवून त्यावर बेतते. जसाच्या तसा सुती बूट करते. रंगवायला कोण आहे?"

रंगवायला कोणी नव्हतं. रंगवणारा आतल्या खोलीत निजला होता. पण आमच्या भिंती पातळ आहेत आणि शेजारच्या हिरुमा मास्तरांचे कान जाड नाहीत. गुरुवारी सकाळी नऊच्या ठोक्याला ते लाकडी पेटी घेऊन हजर. आत कागदाच्या पुड्या, पांढऱ्या बशा आणि सरसाच्या कांड्या.

"हे खनिज रंग," ते म्हणाले. "दगड कुटून केलेले. प्लॅस्टिकचा कण नाही. देवळांच्या भिंतींवर हजार वर्षं टिकलेत."

"आपल्याला टिकायला नकोत, जळायला हवेत," कांगकाकू म्हणाली.

या वेळी मी शहाणा झालो होतो. मिझोगुचींना फोन करून दहनगृहाच्या यादीची चौदाच्या चौदा पानं वाचायला लावली. मला कागद उलटल्याचे आवाज येत होते.

"रबर नाही ना? प्लॅस्टिक नाही? चामडं, काच, बॅटरी, नारळ, कलिंगड?"

"कलिंगड कशाला असेल?"

"लोक ठेवतात हो. आवडतं म्हणून. तर दगड... दगडाचं नाव कुठे दिसत नाही."

"मग?"

"नाव नाही, म्हणजे चालतं असं समजतो आम्ही."

आमच्या खात्यात नेमकं उलट समजतात, आणि तेच बरोबर आहे. पण त्या सकाळी मी ते बोललो नाही.

मग माझ्या घरात, मृत वडिलांपासून तीन हातांवर, चार माणसांची चित्रशाळा सुरू झाली. जुनी कातडी समोर टाचून ठेवली आणि पाहून पाहून उतरवायचं ठरलं. पाच मिनिटांत भांडण. मास्तरांचं म्हणणं, इवाओ यांची दूरची घरं लहान होत नाहीत, ही चूक आपण सुधारून घेऊ.

"सुधारायची काही गरज नाही," कांगकाकू म्हणाली. "त्या टोकाला मात्सुइचं दुकान होतं. तो मेला, तरी दुकान लहान करणारे तुम्ही कोण?"

"अहो बाई, हा दृष्टीचा नियम आहे."

"तो तुमच्या शाळेत. आमच्या गल्लीत सगळे सारखे होते. सगळ्यांचं भाडं थकलेलं असायचं."

चिझुकोचं अक्षर बारीक, म्हणून पाट्या तिच्याकडे गेल्या. ती भिंग लावून जुनी पाटी वाचत होती, ती मधेच थांबली.

"इथे खिडकीत कुणीतरी बसलंय. मशीनवर. तांदळाच्या दाण्याएवढं."

भिंग कांगकाकूकडे गेलं. तिने फार वेळ पाहिलं.  मास्तरांनी सरस ढवळायचं थांबवलं.

"नाक चुकलंय," ती अखेर म्हणाली आणि भिंग परत दिलं. त्यानंतर तासभर तिने कुणाचीही चूक काढली नाही.

मला काय दिलं होतं? शटर. माझ्या हाताला वळण नाही, म्हणून सपाट भाग. गल्लीतली सगळी शटर एकाच हिरव्या रंगाची होती. कुणीतरी कधीतरी स्वस्तात आणलेला पिंपभर रंग सगळ्यांनी वाटून घेतला होता. मास्तरांनी बशीत हिरवी पूड कालवून दिली. तो हिरवा असा होता की बशीतून उचलताना ब्रशला जड वाटे. मी सरळ रेषेत खाली-वर, खाली-वर करत राहिलो. एक हात झाला, वाळला, दुसरा दिला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून वडिलांच्या बुटाला काही लागत होतं. मी चार हात दिले.

"जपून हो निशिवाकी, थर फार होतोय," मास्तर म्हणाले.

"असू दे," मी म्हणालो.

संध्याकाळी मंत्र म्हणायला आलेल्या भटजींना बुटांपासून दूर बसवलं. रंग ओला होता.

शुक्रवारी वडिलांना पेटीत ठेवायची वेळ आली आणि बूट चढेनात. आठवडाभराच्या सलाइनने पाय सुजलेले, तीन दिवसांच्या बर्फाने कडक झालेले. मिझोगुची घाम पुसत म्हणाले, बाजूला ठेवूया, चालतं. कांगकाकूने त्यांना कोपराने सरकवलं, टाचेची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली आणि पाय मागून आत घातला.

"पुढून बूट, मागून उघडं," ती म्हणाली. "चालायचं थोडंच आहे त्याला?"

तेवढ्यात मास्तरांना शास्त्र आठवलं. मेलेल्या माणसाचं सगळं उलट असतं: अंगरखा उलटा दुमडतात, अंघोळीला थंड पाण्यात गरम पाणी घालतात. तेव्हा डावा बूट उजव्या पायात हवा.

"आणि मग गल्ली बाहेरच्या बाजूला जाईल," कांगकाकू म्हणाली. "सगळे शेजारी एकमेकांकडे पाठ करून बसतील. तुमच्या बाजूला तसं चालत असेल, मास्तर. आमच्या नाही."

बूट सरळ घातले. मी वडिलांचे पाय जुळवले. मधून गल्ली गेली. कुणी पाहणारं आहे तोवर आम्ही पाहून घेतलं आणि मिझोगुचींनी झाकण लावलं.

दहनगृहात भट्टीचं दार बंद झालं आणि सव्वा तास थांबायला सांगितलं. वरच्या मजल्यावर थांबायची खोली आहे; मोठी खिडकी, खाली गुळगुळीत कापलेली झुडपं. मास्तरांनी भाताचे दोन गोळे खाल्ले आणि मात्सुइचं दुकान लहान केलं असतं तर चित्र कसं उठलं असतं ते सांगितलं. चिझुको काही खाईना. मी खाल्लं. आपण दिलेला शब्द पाळला या भावनेने फार भूक लागते, हे मला तेव्हा कळलं.

मग नाव पुकारलं गेलं.

पांढरे हातमोजे घातलेल्या सेवकाने ताट ओढून बाहेर काढलं. वाकला. मग सरळ झाला आणि तसाच थांबला. वडील होते. बरगड्या, हात, गुडघे, जसे असायला हवेत तसे पांढरे. आणि खाली दोन पावलं हिरवी. कुठे फिकट, कुठे गर्द, टाचेच्या कडेला तर अगदी चार हात दिल्यासारखी. मधली जागा पांढरी होती.

"हे..." सेवक म्हणाला, "पेटीत काही ठेवलं होतं का?"

"बूट," मी म्हणालो. "सुती. रबर नाही, धातू नाही, चामडं नाही, प्लॅस्टिक नाही. हवं तर विचारून घ्या."

"मग रंग?"

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पुटपुटले, "दगड. मॅलकाइट."

"म्हणजे?"

"म्हणजे... तांब्याचा दगड."

"तांबं धातू आहे," सेवक म्हणाला.

"दगडात असेपर्यंत नाही," मास्तर म्हणाले, पण अगदी हळू.

सेवक रागावला नाही, हे त्याचं मोठेपण. उलट त्याने आवाज खाली आणला. "माझ्या बावीस वर्षांत असं पाहिलं नाही. पण काळजी करू नका, साहेब. आपल्याकडे कलश लहान असतो, सगळं काही मावत नाही, बाकीचं इथेच राहतं. हाडं उचलताना पद्धतीने पायापासून वर यायचं असतं, पण आज पाय सोडून देऊ. डागाळलेली मी बाजूला करतो. बरगड्या चांगल्या निघाल्या आहेत, त्या घ्या."

असं म्हणून त्याने लांब काड्यांनी वडिलांची पावलं एका कडेला सारायला घेतली. अतिशय सफाईने. चांगलं इकडे, टाकाऊ तिकडे. मी त्याचा हात धरला. दहनगृहातल्या माणसाचा हात धरू नये, हे मला माहीत आहे.

"पाय घ्यायचे," मी म्हणालो.

"एकेक तुकडा घेऊ ना, साहेब, दोन्हीचा."

"सगळे."

चिझुकोने काड्यांची एक जोडी मला दिली आणि दुसरी कांगकाकूच्या हातात ठेवली. कांगकाकू घरची नव्हती. काड्या घरच्यांनी धरायच्या असतात. मास्तरांनी तोंड उघडलं आणि, त्यांचं भलं होवो, मिटलं. हाड दोघांनी मिळून उचलायचं असतं. मी एका बाजूने धरलं, तिने दुसऱ्या.   डाव्या पायाची बोटं. उजव्या पायाची. मग पावलांची मधली हाडं, मग टाचा. प्रत्येक तुकडा कलशात पडताना भांड्यावर भांडं ठेवल्यासारखा आवाज होई. अर्ध्याच्या वर कलश भरला, मग आणखी.

"साहेब," सेवक अखेर म्हणाला, "एवढे पायच घेतलेत तर वरच्यासाठी जागा राहत नाही. डोक्याचं तरी—"

"डोकं त्याने कधी वापरलं नाही," कांगकाकू म्हणाली. "पाय भरा."

शेवटी गळ्याचं हाड, ज्यात बसलेला बुद्ध दिसतो म्हणतात, ते सेवकाने सगळ्यात वर ठेवलं. एवढे पाय पाहून बुद्धालाही जरा तिरकंच बसावं लागलं. सेवकाने झाकण ठेवलं. बसेना. अर्ध्या बोटाएवढं वर राहिलं. त्याने फिरवून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग तळहात टेकवून जोर लावायच्या तयारीत आला.

"दाबू नका हो," कांगकाकू म्हणाली आणि कलश त्याच्या हाताखालून आपल्याकडे ओढून घेतला. "नवा आहे. दोन दिवस घट्ट वाटतो. मग बसतो."